वेगवान नव्हे, वक्तशीर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कवी माणूस. मराठी घेऊन बी.ए. झालो आणि आयुष्यभर मात्रा मोजत बसलो. यंत्रांशी माझा संबंध घरातल्या शिलाई मशीनपलीकडे कधी गेला नाही. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, ''मामू, दोन कर्नलांतून एक निवडायचाय, झोप उडालीय,'' तेव्हा मला वाटलं, पोरगं लष्करात निघालंय की काय!

पण हा कर्नल वेगळा. संगणकाच्या कार्यप्रणालीचा जो गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. एकाच वेळी दहा कामं समोर उभी असतात. त्यातलं कोणतं आधी, कोणतं नंतर, हे तो ठरवतो.

भाच्याचं कोल्हापुरात छोटं वर्कशॉप आहे. पंपांचे ओतीव भाग आणायचे, तासायचे, भोकं पाडायची आणि परत द्यायचे, हा धंदा. त्याच्याकडे संगणकाच्या हुकमानं चालणारं, म्हणजे सीएनसी, मिलिंग मशीन आहे. सांगाडा ठणठणीत, पण त्याचा कंट्रोलर जळाला. सुटे भाग मिळेनात. नवं मशीन म्हणजे नवं कर्ज. तेव्हा त्यानं ठरवलं, साध्या संगणकावरच हे मशीन चालवायचं.

हे वेडं धाडस नव्हे. लिनक्ससीएनसी नावाची प्रणाली त्यासाठी फुकट मिळते. तिचं मूळ अमेरिकन सरकारच्या मानके व तंत्रज्ञान संस्थेत आहे. १९९०च्या दशकात तिथं यंत्रनियंत्रणाची एक प्रणाली तयार झाली. सरकारी काम म्हणून ती सर्वांना खुली राहिली आणि पुढे जगभरच्या हौशी व व्यावसायिक मंडळींनी ती वाढवली.

आता अडचण कुठं येते, ते पाहा. भाच्याच्या मशीनला स्टेपर मोटर आहेत. संगणकानं विजेचा एक ठोका पाठवला की मोटर एक बारीक पाऊल टाकते. त्याच्या मशीनवर एक मिलिमीटर सरकायला ४०० ठोके लागतात. सेकंदाला २० मिलिमीटर सरकायचं, तर ८,००० ठोके. म्हणजे दोन ठोक्यांमध्ये १२५ मायक्रोसेकंद. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग! वेगात असलेल्या मोटरला ठोका उशिरा मिळाला, तर ती अडखळते, पाऊल चुकते. आणि चुकल्याचं कुणाला सांगतही नाही. तिथून पुढचं प्रत्येक भोक तेवढंच सरकून पडतं.

भाच्याचं नेमकं तेच झालं. संगणकाची चाचणी न घेताच त्यानं मशीन सुरू केलं. पडद्यावर 'अनपेक्षित विलंब' अशी सूचना आली. ती पुन्हा दिसली नाही, म्हणून त्यानं दुर्लक्ष केलं. ही सूचना एका बैठकीत एकदाच येते, हे त्याला नंतर कळलं. तोवर आठ ओतीव भाग शेवटच्या भोकाला वाया गेले होते आणि गिऱ्हाईक म्हणालं होतं, पुढचा लॉट चुकला तर काम दुसरीकडे.

मी त्याला विचारलं, ''अरे, आजचे संगणक एवढे वेगवान, मग उशीर कसा होतो?'' त्यावर तो जे बोलला, ते माझ्या डोक्यात माझ्या पद्धतीनं उतरलं. आमच्या मोहल्ल्यात रमजानमध्ये सहरीला उठवायला एक म्हातारा यायचा. चालायचा अगदी हळू. पण महिनाभरात एकदाही वेळ चुकली नाही. समजा, त्याच्या जागी एखादा धावणारा तरुण आला. एकोणतीस दिवस तो वेळेआधी पोचला आणि एक दिवस सहरी संपल्यावर उगवला. सरासरी काढाल तर तरुण उत्तम. पण त्या दिवशी अख्ख्या गल्लीचा रोजा उपाशीपोटी! यंत्राचं तसंच आहे. इथं सरासरीला किंमत नाही. जास्तीत जास्त उशीर किती होऊ शकतो, एवढंच बघायचं.

साधा लिनक्स कर्नल हा पंगतीत सर्वांना सारखं वाढणारा. त्याला वक्तशीर करायच्या दोन वाटा भाच्यापुढे होत्या. पहिली, आरटीएआय. ही इटलीत मिलानच्या तंत्रविद्यापीठात पाओलो मांतेगाझ्झा यांच्या पुढाकारानं घडली. यात वेळेची कामं करणारा एक छोटा कारभारी लिनक्सच्याही आधी दारात बसतो. त्याची कामं झाली की उरलेला वेळ लिनक्सला. उशीर फार कमी होतो. पण हा कारभारी ठरावीक आवृत्तीच्या कर्नलशीच जुळवावा लागतो. नव्या संगणकावर तो बसेलच, असं नाही.

दुसरी वाट, प्रीएम्प्ट-आरटी. इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि इतरांनी लिनक्सलाच शिकवलं, की तातडीचं काम आलं तर हातातलं अर्धवट ठेवून ते आधी कर. हा बदल जवळजवळ वीस वर्षं तुकड्यातुकड्यानं मूळ लिनक्समध्ये मिसळत गेला आणि २०२४मध्ये ६.१२ या आवृत्तीत त्याचा मुख्य भाग पूर्ण झाला. उशीर आरटीएआयपेक्षा सहसा थोडा जास्त, पण देखभाल सोपी.

मग निवड कशी करायची? लिनक्ससीएनसीबरोबर उशीर मोजायची चाचणी मिळते. ती चालू ठेवून संगणकाला मुद्दाम छळायचं. चित्रपट लावायचा, मोठ्या फायली कॉपी करायच्या, खिडक्या उघडायच्या-मिटायच्या. प्रणालीच्या माहितीपुस्तिकेतला ठोकताळा असा : जास्तीत जास्त उशीर १५ ते २० मायक्रोसेकंदांच्या आत असेल, तर संगणकानं स्वतः ठोके द्यायला हरकत नाही. ३० ते ५० असेल, तर वेग थोडा कमी ठेवा. १००च्या वर गेला, तर तो संगणक ठोके देण्याच्या कामाचा नाही.

भाच्यानं रात्रभर चाचणी लावली. प्रीएम्प्ट-आरटीवर आकडा आला ९०. वीज वाचवण्याच्या सोयी बंद केल्यावर तो ६०वर उतरला. त्याच संगणकावर आरटीएआयनं १२ दाखवले. मी म्हटलं, ''झालं की! बारावाला घे.''

तो म्हणाला, ''मामू, हा संगणक उद्या बिघडला तर? जुना कर्नल चालेल असा जुना संगणक मी कुठं शोधू? एका कंट्रोलरनं असंच अडकवलंय मला.''

शेवटी त्यानं प्रीएम्प्ट-आरटी घेतला, पण ठोक्यांचं काम संगणकाकडून काढून एका स्वतंत्र इलेक्ट्रॉनिक कार्डाकडे दिलं. आता कार्ड ठोके देतं आणि संगणक दर मिलिसेकंदाला, म्हणजे १,००० मायक्रोसेकंदांनी, त्याला पुढचा हुकूम देतो. हजारात साठांचा उशीर सहज खपतो. कार्डाला पैसे गेले, पण नव्या मशीनच्या तुलनेत ते किरकोळ.

मला यातून एवढं समजलं, की सगळ्यात चांगला कर्नल कोणता, हा प्रश्नच अपुरा आहे. ठोका कोण देणार, हे आधी ठरवायचं. मग आपल्याच संगणकावर मोजायचं. आणि बिघाड झाल्यावर दुरुस्त कोण करणार, हेही आजच विचारायचं.

आणखी एक गोष्ट त्यानं दाखवली. मशीनवरचं लाल आणीबाणीचं बटण. त्याची तार मोटरांचा वीजपुरवठा थेट तोडते, संगणकाला विचारत नाही. ''कर्नल कितीही वक्तशीर असू दे,'' तो म्हणाला, ''माणसाचा हात त्याच्या भरवशावर ठेवायचा नाही.''

पुढचा लॉट गिऱ्हाइकाकडे तपासणीत पास झाला. माझी बहीण त्या दिवशी वर्कशॉपमध्ये शिरखुर्मा घेऊन गेली. ईद नव्हती, तरी.