एका पाळकामागे किती माणसं?

1910 साली सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत सुमारे 85 लाख ख्रिस्ती होते. 2010 मध्ये ते 51 कोटी 60 लाखांवर गेले. आकडे अमेरिकेतल्या प्यू संशोधन संस्थेचे आहेत. पण कोटी म्हटलं की डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही, म्हणून आपलाच जिल्हा मापाला घेऊ. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या 27,72,348 भरली. या मापाने 1910 मधले आफ्रिकेतले ते सगळे ख्रिस्ती तीन यवतमाळ जिल्ह्यांत मावले असते. शंभर वर्षांनी त्यांना 186 जिल्हे लागले असते, आणि महाराष्ट्रात सगळे मिळून जिल्हे आहेत 36.

कुणी म्हणेल, शंभर वर्षांत माणसंच वाढली, त्यात नवल काय? माणसं वाढलीच, त्या भागाची लोकसंख्या साडेआठपटीहून अधिक झाली. पण नुसतं तेवढंच झालं असतं तर ख्रिस्ती साडेसात कोटींच्या आसपास थांबले असते. 1910 मध्ये शंभरात नऊ होते, 2010 मध्ये शंभरात 63 झाले. सरासरी काढली तर वर्षाला 50 लाख, दिवसाला जवळपास 14 हजार, मिनिटाला नऊ-दहा. आपल्या महाराष्ट्रात 2011 च्या मोजणीत ख्रिस्ती होते 10,80,073. आफ्रिकेच्या वेगाने ही सगळी संख्या अडीच-पावणेतीन महिन्यांत भरली असती.

इथवर सगळं गणित झालं. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. एवढ्या माणसांना शिकवलं कुणी? रविवारी पुढे उभं कोण राहिलं, लग्नं कुणी लावली, माणूस गेला तेव्हा प्रार्थना कुणी म्हटली? परदेशी मिशनरी मोजकेच. त्यात हिवतापाने कितीतरी गेले. हे काम त्यांच्या हातून होणं शक्यच नव्हतं.

यातला एक धागा सरळ यवतमाळशी येऊन जुळतो. अमेरिकेतल्या फ्री मेथडिस्ट पंथाचे अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे जोडपं 1881 मध्ये मुंबईत उतरलं आणि बुऱ्हाणपूर-वऱ्हाडाकडे वळलं. पुढे यवतमाळ हे या पंथाचं भारतातलं मुख्य ठाणं झालं. 1885 मध्ये याच पंथाची माणसं मोझांबिकमध्ये इन्हांबानेला पोचली आणि 1935 मध्ये बुरुंडीत. म्हणजे पंथ एकच आणि पैसा पाठवणारी मंडळीही बहुतेक तीच. आज या पंथाचे अमेरिकेतले सभासद लाखाच्या आत आहेत आणि जगभरचे दहा लाखांच्या वर. त्यांतला मोठा वाटा आफ्रिकेत आहे. यवतमाळ जिल्ह्यात मात्र सगळ्या पंथांचे ख्रिस्ती एकत्र केले तरी एक टक्का भरत नाहीत. एकाच बियाण्याचं असं का झालं, यावर पुस्तकं लिहिता येतील. इथे त्यात शिरत नाही.

खरं तर आफ्रिकेसाठी धर्मशिक्षक घडवण्याचं काम महाराष्ट्रात त्याहूनही आधी सुरू झालं होतं, नाशकात. आज शरणपूर रोडवरून रिक्षाने जाणाऱ्याला हे नाव कुठून आलं ते ठाऊकही नसतं. 1854 मध्ये चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी तिथे ख्रिस्ती वसाहत वसवली. हिंदी महासागरात गुलामांची ने-आण करणारी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं. सुटका झालेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जायची. त्यांतली बरीच शरणपूरला आली. तिथे वाचणं-लिहिणं, सुतारकी, लोहारकाम, इंग्रजी आणि बायबल शिकली. मायभाषा अर्धी विसरलेली ही पोरं आपसात हिंदुस्तानी बोलायची.

त्यांतले नऊ जण 1866 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेले. नंतर मदतीला धाडलेल्या तुकडीत जेकब वेनराइट होता. 1 मे 1873 रोजी लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी वारला, तेव्हा तिथे एकही गोरा माणूस नव्हता. बरोबरच्या लोकांनी त्याचं काळीज काढून झाडाखाली पुरलं, देह मीठ लावून उन्हात वाळवला, कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळला. पुरताना प्रार्थनापुस्तकातला विधी वाचला तो जेकबने. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग सोळाशे किलोमीटर पायपीट करून, 1874 च्या फेब्रुवारीत, त्यांनी देह किनाऱ्यावर पोचवला. एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत जेकब होता. नाशिकमध्ये घेतलेलं शिक्षण कुठे कामाला आलं पाहा. तो पाळक नव्हता, कुणी त्याला दीक्षा दिली नव्हती. पण वेळ आली तेव्हा विधी वाचणारा दुसरा कुणी नव्हता.

विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे नाशिककर मात्र रीतसर पाळकपदाच्या वाटेला लागले. 1864 मध्ये ते आजच्या केनियातल्या मोंबासाजवळच्या राबईला गेले. दहा-अकरा वर्षांनी शंभर-दीडशे ‘बॉम्बे आफ्रिकन’, म्हणजे सुटकेनंतर इकडे वाढलेले आफ्रिकन, तिकडे नेऊन वसवले गेले. त्या वस्तीला मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावाने फ्रियर टाउन म्हणू लागले. 1885 मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टनने या दोघांना डीकन केलं, म्हणजे पाळकपदाची पहिली पायरी दिली. त्याच वर्षी बिशप सव्वादोनशे हमाल घेऊन युगांडाकडे निघाला. जोन्स बरोबर होता. वाटेत बिशपने तांड्याचा मोठा भाग जोन्सच्या हवाली केला आणि पन्नास माणसं घेऊन पुढे गेला. बिशप मारला गेला. पन्नासांतले चौघेच परत आले. उरलेला सगळा तांडा जोन्सने शेकडो मैल मागे, राबईला सुखरूप आणला. पुढे धन्यांकडून पळालेल्या गुलामांना राबईत आसरा मिळाला, तेव्हाही तिथला कारभार जोन्सकडेच होता. 1889 च्या पहिल्या दिवशी अशा चौदाशेहून अधिक लोकांना मुक्ततेचे कागद दिले गेले. एवढं करूनही गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याला बरोबरीने वागवलं नाही, आणि अखेर त्याने मिशन सोडलं. मिशनरी मंडळींच्या चरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकलेला असतो. माझ्या मते तोच खरा धडा होता. माणूस शिकवून तयार करायचा, आणि तयार झाला की त्याच्या हाती कारभार द्यायला कचरायचं!

आता यवतमाळला परत येऊ. इथे आधी मराठीतून बायबल शिकवणारी शाळा होती. 1953 मध्ये अनेक मिशनांनी एकत्र येऊन तिथे पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी केली. पहिले प्राचार्य अमेरिकन, फ्रँक क्लाइन. पुढे सफीर अथ्याल हे पहिले भारतीय प्राचार्य झाले. नागालँड-मिझोरामपासून केरळपर्यंतची मुलं कापसाच्या या गावी शिकायला यायची. मुख्य लोहमार्गावर उतरायचं धामणगावला, पुढे एसटी. किंवा मूर्तिजापूरहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेत बसून 113 किलोमीटर रखडत यायचं. 1983 मध्ये सेमिनरी पुण्याला बिबवेवाडीत गेली. तीस वर्षं ती यवतमाळात होती, हे आज गावातल्या किती जणांना माहीत असेल कोण जाणे.

त्या तीस वर्षांना आफ्रिकेच्या तराजूत घालून बघू. समजा, अशा एखाद्या सेमिनरीतून वर्षाला 50 जण शिकून बाहेर पडतात, आणि एका पाळकामागे 500 माणसं धरू. (प्रत्यक्षात खेड्यातला एकेक पाळक पाच-सहा मंडळ्या सांभाळतो, ते सोडा.) तीस वर्षांत झाले 1,500 पाळक, त्यांनी सांभाळली साडेसात लाख माणसं. आफ्रिकेची ही पावणेदोन महिन्यांची भर. 51 कोटी माणसांना या प्रमाणात दहा लाखांवर पाळक लागतात. एका सेमिनरीने ते घडवायचे म्हटले तर 20 हजार वर्षं. जुन्यांची गोष्ट सोडा, दरवर्षी नव्याने वाढणाऱ्यांसाठीच वर्षाला 10 हजार पाळक हवेत, म्हणजे यवतमाळसारख्या 200 सेमिनऱ्या.

तेवढ्या कुठेच नव्हत्या. म्हणून काम झालं ते दुसऱ्या रीतीने. युगांडात मिशनरी 1877 मध्ये पोचले, तिथल्या पहिल्या स्थानिक माणसांना दीक्षा 1893 मध्ये मिळाली. पण मधल्या काळात गावोगाव वाचायला शिकलेली माणसं पुढच्यांना वाचायला शिकवत सुटली होती. एकाने दहा जण तयार करायचे, त्या दहांनी प्रत्येकी दहा. सहाव्या पायरीला दहा लाख होतात. बीजगणितात हे सोपं आहे. प्रत्यक्षात तिसऱ्या पायरीपर्यंत शिकवण पातळ होते, आणि कुणी गावगुंड स्वतःला संदेष्टा म्हणवून मोकळा होतो. सेमिनरी लागते ती इथे: पाळकांची भरती करायला नव्हे, तर पाळकांना शिकवणाऱ्यांना शिकवायला.

1963 मध्ये ग्वाटेमालातल्या एका सेमिनरीने उलटं करून पाहिलं. विद्यार्थ्याने घरदार, शेत सोडून यायचं नाही. पुस्तक घरी नेऊन वाचायचं आणि आठवड्याला एकदा शिक्षकाने त्याच्या गावाजवळ जाऊन शिकवायचं. ही पद्धत 1971 मध्ये भारतात आली, आफ्रिकेतही पसरली. शेती बघून, मास्तरकी करून मंडळी चालवणाऱ्या माणसाला तीच परवडते.

आणि तरीही हिशेब मिटत नाही. 2010 नंतरच्या दहा वर्षांतच त्या भागातले ख्रिस्ती एकतीस टक्क्यांनी वाढले. पाचशेला एक धरला तर फक्त या दहा वर्षांच्या वाढीला तीन लाखांवर नवे पाळक लागतात. वर्षाला पन्नास या गतीने सहा हजार वर्षांचं काम.