शिष्य आणि प्रेषित

येशू ख्रिस्ताच्या भोंवतीं जमलेल्या मंडळींविषयीं बोलतांना ‘शिष्य’ आणि ‘प्रेषित’ हे दोन शब्द पुष्कळदां एकाच अर्थानें योजले जातात. ‘बारा शिष्य’ म्हटलें काय किंवा ‘बारा प्रेषित’ म्हटलें काय, ऐकणाराला त्यांत भेद वाटत नाहीं. परंतु आरंभींच्या ख्रिस्ती समाजांत हा भेद केवळ शब्दांचा नव्हता. कोणाची शिकवण प्रमाण मानावयाची, हा प्रश्न त्यावर अवलंबून होता.

नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेंत शिष्याला ‘मथेतेस’ म्हणतात. त्याचा अर्थ शिकणारा. असे शिष्य बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला होते, तसे परूश्यांनाही होते. ‘अपोस्तोलोस’ म्हणजे धाडलेला. मराठींतील ‘प्रेषित’ हा शब्द त्याचाच नेमका प्रतिशब्द होय. शिष्य गुरूकडे येतो. प्रेषित गुरूकडून जातो, आणि जातांना धाडणाराचा अधिकार बरोबर नेतो.

लूकाच्या शुभवर्तमानांत असें सांगितलें आहे कीं, येशूनें शिष्यांना बोलावून त्यांतून बारा निवडले व त्यांना प्रेषित हें नांव दिलें. म्हणजे हे बाराही जण शिष्य होते; सर्व शिष्य मात्र प्रेषित नव्हते. बारा ही संख्या इस्राएलाच्या बारा वंशांची खूण होती. म्हणूनच यहूदा इस्कर्योताची जागा रिकामी होतांच ती भरणें अवश्य वाटलें. सुमारें १२० जणांच्या सभेंत पेत्रानें अट सांगितली : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून जो सतत बरोबर होता, त्यानेंच पुनरुत्थानाचा साक्षी व्हावें. दोन नांवें पुढें आलीं. चिठ्ठी मत्थियाची निघाली.

ही अट लावली तर पौल प्रेषित ठरत नाहीं. येशूच्या हयातींत तो त्याचा शिष्य नव्हता. पुढें तर त्यानें अनुयायांचा छळ केला. पुनरुत्थित ख्रिस्ताचें दर्शन व त्याच्याकडून मिळालेली आज्ञा, याच आधारावर तो स्वतःस प्रेषित म्हणवी; आणि ह्या हक्काविषयीं शंका घेणारांना त्यानें गलतिया व करिंथ येथील मंडळ्यांस लिहिलेल्या पत्रांतून उत्तर दिलें. हा वाद मानापमानाचा नव्हता. यहूदीतरांना सुंतेवांचून ख्रिस्ती होतां येतें, ही त्याची शिकवण त्याच अधिकारावर उभी होती.

‘बारा’ आणि ‘सर्व प्रेषित’ यांचा पौल वेगवेगळा उल्लेख करतो. प्रेषितांच्या कृत्यांत बर्णबालाही प्रेषित म्हटलें आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्रांतील यूनिया ही स्त्री असून तिची गणना प्रेषितांत होते, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. जेथें नांव पसरतें, तेथें तोतयेही निघतात. १८८३ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथांत त्याची कसोटी आहे : फिरत्या प्रेषितानें एक दिवस, गरज पडल्यास दोन दिवस राहावें, तीन दिवस राहिला किंवा निघतांना पैसे मागितले, तर तो खोटा समजावा.

प्रत्यक्ष साक्षीशीं जोडलेलें प्रेषितपद थोड्यांचेंच राहिलें. शिष्यत्वाला तशी मर्यादा नव्हती; यापो येथील तबीथेलाही शिष्या म्हटलें आहे. आज जगभर रूढ असलेलें ‘ख्रिस्ती’ हें नांव अंत्युखियांत प्रथम मिळालें, तें शिष्यांनाच.