मोबाइल टॉवरची भीती : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत विजेवरच्या ट्राम धावणार आणि त्यांच्या प्रवाहाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी बिघडणार, म्हणून कुलाब्याचे चुंबकीय मोजमाप 1904 साली अलिबागच्या वेधशाळेत हलवले गेले. डोळ्यांना न दिसणारी गोष्ट नीट मोजायची, तर जागाही विचारपूर्वक निवडावी लागते. मुंबईची गच्ची असो वा अलिबागशेजारच्या नागावातली वाडी, घराजवळ टॉवर उभा राहिला की हीच शिस्त पाळायला हवी.

गैरसमज : टॉवरच्या पायथ्याशी लहरी सर्वांत तीव्र असतात.
वस्तुस्थिती : अँटेनाचा मुख्य झोत जवळजवळ आडवा, किंचित खाली कललेला असतो. खांदेरीच्या दीपगृहाचा झोत जसा दूर पाण्यावर पडतो, तसाच हाही पायथा टाळून पुढे जातो. झोताच्या दिशेने गेल्यास अंतर दुप्पट होताच तीव्रता साधारण चौथाईवर येते. म्हणून शहरात अँटेनासमोरची, तिच्याच उंचीवरची खोली किंवा गच्ची आधी मोजावी. नागावच्या बैठ्या घरांना हा झोत सहसा थेट लागत नाही.

गैरसमज : टॉवर हटवला की लहरींपासून सुटका झाली.
वस्तुस्थिती : बहुतेकांच्या डोक्याला सर्वाधिक लहरी मिळतात त्या कानाला लावलेल्या स्वतःच्या फोनमधून. टॉवर दूर असेल, मध्ये नारळी-पोफळीची दाट वाडी किंवा चिऱ्याची जाड भिंत असेल, तर सिग्नल क्षीण होतो आणि फोन जास्त शक्तीने प्रक्षेपण करतो. अशा जागी स्पीकर किंवा इअरफोन वापरणे हा सोपा उपाय आहे.

गैरसमज : स्वस्त मीटरचा लाल दिवा लागला म्हणजे मर्यादा ओलांडली.
वस्तुस्थिती : असे मीटर अनेकदा प्रमाणित केलेले नसतात. खिशातला फोन आणि घरातला वायफायही त्यांच्या आकड्यात मिसळतो. खऱ्या तपासणीत सर्व दिशांच्या लहरी टिपणारे प्रमाणित उपकरण वापरतात, काही मिनिटांची सरासरी काढतात आणि गरज पडल्यास प्रत्येक वारंवारता वेगळी मोजतात. कारण मर्यादाही वारंवारतेनुसार बदलते. 900 मेगाहर्ट्झसाठी 1998 ची आंतरराष्ट्रीय शिफारस प्रति चौरस मीटर 4.5 वॅट होती; भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून तिचा दहावा हिस्सा, म्हणजे 0.45 वॅट, ही मर्यादा लागू केली. 1800 मेगाहर्ट्झसाठी ती 0.9 वॅट ठरली.

गैरसमज : एकदा मोजले की कायमचे समजले.
वस्तुस्थिती : वापर वाढला की टॉवरचे प्रक्षेपणही वाढते. नागावचा किनारा शनिवार-रविवारी पर्यटकांनी फुलतो. मंगळवारच्या शांत दुपारचा आकडा त्या गर्दीचे चित्र दाखवणार नाही. नवी अँटेना बसली, तरी पुन्हा मोजावे लागते.

गैरसमज : जागतिक आरोग्य संघटनेने टॉवरमुळे कर्करोग होतो असे ठरवले आहे.
वस्तुस्थिती : संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये रेडिओलहरींना ‘2बी’ गटात, म्हणजे ‘कदाचित कर्करोगकारक’ म्हणून ठेवले. पुरावा मर्यादित आहे, असा त्याचा अर्थ. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, संघटनेनेच करवून घेतलेल्या आढाव्यात मोबाइल वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. या लहरी क्ष-किरणांप्रमाणे अणूंचे आयनीभवन करत नाहीत. तीव्रता फार वाढल्यास ऊती तापवणे हा त्यांचा सिद्ध परिणाम आहे आणि मर्यादा त्याच्या बऱ्याच खाली आखलेल्या आहेत.

गैरसमज : नारळ गळतात ते टॉवरमुळेच.
वस्तुस्थिती : इरिओफाइड कोळी ही कीड फळाच्या टोपीखाली रस शोषते, त्याने नारळ तपकिरी पडतात, लहान राहतात, गळतात. टॉवरकडे बोट दाखवण्याआधी फळाची टोपी उचलून पाहावी आणि कृषी अधिकाऱ्याला दाखवावी.

शंका घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर 2017 पासून टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून मोजणीही मागता येते. ग्रामपंचायतीने किंवा सोसायटीने अहवालात चार गोष्टी मागाव्यात : मोजणीची जागा, वेळ, वारंवारता आणि त्या दिवशी लागू असलेली मर्यादा. त्या हाती आल्यावरच टॉवरच्या बाजूने किंवा विरोधात ठराव करावा.