पस्तीस दिवसांत दारू सुटते का?

मी मूळचा कळमनुरीचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. गावाकडून एक फोन मला हमखास येतो. "भाऊ, आमच्या माणसाला पुण्याला ठेवायचंय. महिन्याभरात सुटेल ना?" आज त्याबद्दलच बोलू.

आधी धोक्याचं सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून दारू तोडायची, हा आपल्याकडचा घरगुती उपाय. तो जिवावर बेतू शकतो. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक बंद झाली की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन-तीन दिवसांनी कुणाला भास होतात, माणूस बरळतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलं. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा. तसंच जेवणात गुपचूप औषध कालवू नका. त्यात डायसल्फिराम असलं आणि माणूस वरून प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो.

डॉक्टरांच्या औषधांनी हे दिवस निभावतात. पण सर्व्हर रिस्टार्ट केला म्हणून बग जात नाही. माणूस का पितो, कधी पितो, याचं काय?

त्यासाठी निवासी उपचार. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीनं. तिथला उपचार साधारण ३५ दिवसांचा. सुरुवातीला शरीर सावरतं, मग योगासनं, गटसभा, समुपदेशन. समुपदेशकांपैकी अनेक जण स्वतः व्यसनातून बाहेर आलेले. त्यामुळे "तुम्हाला काय कळणार?" हे वाक्य तिथं चालत नाही. बायकांसाठी 'सहचरी' गट आहे, कारण व्यसनानं घरही आजारी पडतं.

खरी परीक्षा छत्तिसाव्या दिवशी. गाडीतून उतरला की तेच मित्र, तीच वरात, पगाराचा तोच दिवस. म्हणून काही गोष्टी आधीच ठरवा. पाठपुराव्याची तारीख कोणती, पैसे कुणाकडे राहतील, तलफ आली तर फोन कुणाला? अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, त्यांचा मंत्र सोपा आहे: फक्त आज प्यायची नाही. तलफ बहुधा थोड्या वेळात ओसरते, तेवढा वेळ कुणीतरी सोबत पाहिजे. आणि पाय घसरलाच तर "पैसे वाया गेले" म्हणून टोमणे मारू नका. शुगर वाढली की आपण डॉक्टरकडे जातो ना? तसंच परत जायचं.

तर भाऊ, ३५ दिवसांत दारू थांबते. सुटलेली टिकवायचं काम पुढं रोजचं, आणि ते घरच्यांसकट.

सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाईन आहे १४४४६. नंबर सेव्ह करून ठेवा. भेटू पुढच्या भागात.