लोकसेवेतील स्त्री : अधिकारपदाकडून अधिकाराकडे

शासकीय सेवेत केवळ लिंगभेदाच्या कारणावरून कोणाही नागरिकास डावलता येणार नाही, असा दंडक भारतीय राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने १९५० सालीच घालून दिला. परंतु घटनेतील तत्त्व आणि सेवेतील नियम यांत पुढेही बराच काळ अंतर राहिले. परराष्ट्र सेवेच्या १९६१ च्या नियमांनुसार स्त्री अधिकाऱ्यास विवाहापूर्वी शासनाची लेखी परवानगी घ्यावी लागे. संसाराची जबाबदारी कामाच्या आड येईल, अशी शासनाची खात्री झाल्यास तिला राजीनामा देण्यास सांगता येई. पुरुष अधिकाऱ्यांवर असे बंधन नव्हते. या सेवेतील पहिल्या महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा यांनी पदोन्नती नाकारली गेल्यावर सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. घरसंसाराची अडचण पुरुष अधिकाऱ्यासही येऊ शकते, मग बंधन केवळ स्त्रीवरच का, असा प्रश्न १९७९ च्या निकालपत्रात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी उपस्थित केला.

आरक्षणाची वाटचाल

महाराष्ट्राने १९९४ मध्ये महिला धोरण जाहीर केले आणि त्याच वर्षी शासकीय सेवेत स्त्रियांसाठी ३० टक्के समांतर आरक्षण लागू झाले. त्याआधी १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या होत्या. २०११ मध्ये राज्याने हे प्रमाण ५० टक्क्यांवर नेले. सरपंचपदांनाही हे आरक्षण लागू आहे.

पद मिळाल्यानंतर

मात्र पद मिळाले म्हणजे अधिकार मिळाला असे नव्हे. जळगाव जिल्ह्यातील एका गावात २०२१ मध्ये महिलेसाठी राखीव जागेवरून निवडून आलेल्या महिला सरपंचाविरुद्ध गावकऱ्यांनी तक्रार केली. शासकीय जागेवरील घरात त्या सासूसमवेत राहतात, असा आरोप होता. आपण पती व मुलांसह वेगळे, भाड्याच्या घरात राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. तरीही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरविले, विभागीय आयुक्तांनी तो आदेश कायम केला आणि उच्च न्यायालयातही त्यांना दिलासा मिळाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे आदेश रद्द करून त्यांना पद परत दिले. स्त्री सरपंचपदी असणे गावकऱ्यांना रुचले नाही, तसेच निरनिराळ्या स्तरांवर यांत्रिकपणे आदेश काढले गेले, असे न्यायालयाने नमूद केले. लोकनियुक्त स्त्रीस पदावरून दूर करण्याचा विषय इतक्या सहजतेने हाताळता कामा नये, हा त्यातील बोध आहे.

संस्थांचे कर्तव्य

याचा अर्थ असा की, समतेची कसोटी नेमणुकीच्या दिवशी नव्हे, तर रोजच्या कामकाजात लागते. सरपंच महिला असताना ग्रामसेवकाने कागदपत्रे तिच्या पतीपुढे ठेवली, तर आरक्षणाचा हेतूच विफल होतो. कागद तिला वाचावयास देणे, शंकांचे निरसन करणे आणि मगच सही घेणे, हे साधे पथ्य येथे महत्त्वाचे ठरते. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिची नोंद केवळ इतिवृत्तापुरती उरू नये. सभेची वेळ गावातील स्त्रियांना सोयीची असावी आणि तेथे मांडलेल्या सूचना ग्रामसभेपुढे वाचल्या जाव्यात.

कार्यालयांच्या बाबतीत २०१३ चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा स्पष्ट आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक कार्यालयात अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तिच्या अध्यक्षस्थानी वरिष्ठ पदावरील महिला हवी आणि निम्म्याहून कमी नसतील इतक्या सदस्य महिला हव्यात. शाळाही यास अपवाद नाहीत. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या ठिकाणच्या तक्रारी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येतात.

कायद्याने स्त्रीस पदापर्यंत आणले आहे. त्या पदावरून तिला स्वतःच्या विचाराने काम करता येते की नाही, हे तिच्या सहकाऱ्यांच्या आणि वरिष्ठांच्या वर्तनावर अवलंबून राहील. ग्रामसेवक, शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांनी ही जबाबदारी आपली मानली, तरच घटनेतील शब्दास अर्थ प्राप्त होईल.