रामलिंगच्या रानात थंडीची पायपीट

बालाघाटात पायी फिरावं ते थंडीतच! पावसाळ्यात येडशीच्या रामलिंगाला धबधबा बघायला गर्दी लोटते. मार्गशीर्षात मात्र गवत वाळतं, झाडी विरळ होते, लांबवरचं दिसतं. अभयारण्य १९९७ चं, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. डिसेंबर २०२४ मध्ये इथं कॅमेऱ्यात चक्क वाघ टिपला गेला. यवतमाळच्या टिपेश्वरहून सुमारे ५०० किलोमीटर चालून आलेला! म्हणून दिवस उगवल्यावर निघा, मावळायच्या आत परता, मळवाट सोडू नका. ठसा दिसला तर वनरक्षकाला, पोलीस पाटलाला सांगा, पुसू नका. बिडीचं थोटूकही विझवूनच टाका. वाळल्या गवतातली आग तुमच्या चाऱ्याच्या गंजीपर्यंत यायला कितीसा वेळ लागतो?