संशोधनाला गुण कसे द्यायचे?

परीक्षेच्या गुणपत्रिकेवरून विद्यार्थी किती कळतो, हा आपला नेहमीचा प्रश्न. संशोधकांनाही अशीच गुणपत्रिका असते. त्यात दोन मुख्य रकाने : किती शोधनिबंध लिहिले, आणि इतरांनी आपल्या निबंधांत त्यांचा संदर्भ किती वेळा दिला.

संदर्भ मोजण्यामागची कल्पना साधी आहे. नवे काम जुन्या कामावर उभे असते आणि ते ऋण निबंधाच्या शेवटी यादीत नोंदवले जाते. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली या याद्या उलट्या लावून 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध केला. एखादा निबंध नंतर कोणी कोणी वापरला, हे त्यामुळे शोधता येऊ लागले.

पुढे, २००५ मध्ये, हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने 'एच निर्देशांक' सुचवला. तो फळ्यावर सहज काढता येतो. समजा, एका संशोधकाच्या पाच निबंधांना ४०, १२, ५, ३ आणि १ असे संदर्भ मिळाले. निदान तीन संदर्भ मिळालेले निबंध तीन तरी आहेत; पण निदान चार संदर्भ मिळालेले चार निबंध नाहीत. म्हणून निर्देशांक ३. दुसऱ्याचे आकडे ४, ४, ४, ४, ० असतील तर निर्देशांक ४. पहिल्याचे एकूण संदर्भ ६१, दुसऱ्याचे १६. तरीही दुसरा वरचढ! कोणता आकडा खरा? दोन्ही खरे. ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात, एवढेच.

आता एक खरी गोष्ट पाहू. कलकत्त्याचे डॉ. शंभुनाथ डे (१९१५–१९८५) हे विकृतिशास्त्राचे प्राध्यापक. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यातच १८८४ साली ओळखला होता. पण हा जंतू आतड्यातून एवढे पाणी कसे बाहेर काढतो, हे उलगडले नव्हते. पटकीचे विष जंतू फुटल्यावरच बाहेर पडते, असा समज होता.

डे यांनी सशाच्या लहान आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधला आणि मधल्या पोकळीत पटकीचे जंतू सोडले. काही तासांनी तो भाग पाण्याने टम्म फुगला. हे काम १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले. मग त्यांनी जंतू ज्या द्रवात वाढवले तो द्रव गाळून घेतला आणि जंतू नसलेला हा गाळलेला द्रवच आतड्यात सोडला. तरीही आतडे फुगले! म्हणजे जंतू विष बाहेर सोडतो आणि ते विषच आतड्यातून पाणी खेचते. १९५९ साली 'नेचर'मध्ये हा छोटासा निबंध आला.

त्याकडे सुरुवातीला फारसे कोणी लक्ष दिले नाही. मात्र १९६१ पासून इंडोनेशियातून पटकीची नवी साथ जगभर पसरू लागली आणि या रोगावर काम करणारे वाढले. १९६९ मध्ये अमेरिकेत हे विष शुद्ध रूपात वेगळे केले गेले. मग डे यांचे नाव संदर्भांत वारंवार दिसू लागले. तोवर त्यांच्या निवृत्तीची वेळ जवळ आली होती. १९७३ मध्ये ते निवृत्त झाले. १९७८ साली नोबेल परिसंवादाचे निमंत्रण आले, नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी त्यांचे नाव त्या पारितोषिकासाठी सुचवले. पण हयातीत त्यांना भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने सदस्य केले नाही. त्यांच्या निधनानंतर, १९८६ मध्ये, त्यांच्या कामाच्या प्रभावाचा नकाशा मांडला तो खुद्द गारफिल्ड यांनीच.

म्हणजे संदर्भ मोजणे निरुपयोगी आहे का? तसे नाही. जवळच्यांना जे दिसले नाही, ते अखेर या मोजणीनेच दाखवले. पण १९६० साली कोणी डे यांची गुणपत्रिका पाहिली असती तर फसला असता. मोजणीला वेळ लागतो. शिवाय ती विषयावर अवलंबून असते : ज्या रोगावर संशोधन करणारे थोडे, त्यात संदर्भही थोडेच. उलट, प्रथिने मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या ऑलिव्हर लाउरी यांच्या १९५१ च्या निबंधाला तीन लाखांहून अधिक संदर्भ मिळाले आहेत, कारण प्रयोगशाळेत ती पद्धत रोज लागे. जास्त वापरलेले आणि जास्त मोलाचे, यांत फरक आहे. चुकीच्या निबंधालाही, तो खोडून काढण्यासाठी, संदर्भ मिळतातच. म्हणूनच २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या मंडळींनी आग्रह धरला की, संशोधक कोणत्या नियतकालिकात छापून आला यापेक्षा त्याचे काम वाचून त्याला जोखावे.

वर्गात हे करून पाहता येईल. मुलांना एखाद्या प्रकल्पासाठी वापरलेली पुस्तके आणि विचारलेली माणसे यांची यादी करायला सांगा. सर्वांच्या याद्या एकत्र करून मोजा : कोणाचे नाव सर्वाधिक वेळा आले? मग विचारा : ज्याची मदत खरोखर झाली, पण ज्याचे नाव यादीत आले नाही, असे कोण?